‘आयओ एरर’ आणि दोन छोटे दिवे : यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टरचे परीक्षण

संगणकावर चालणारे आर्केड यंत्र सुरू करावे, खेळ उघडण्याची वाट पाहावी आणि पडद्यावर फक्त ‘आयओ एरर’ एवढीच अक्षरे यावीत, हा प्रसंग अशा यंत्रांची देखभाल करणाऱ्यावर कधी ना कधी येतोच. बटणे, जॉयस्टिक आणि नाणे टाकण्याची यंत्रणा ज्या बोर्डाला जोडलेली असते, त्या आयओ (इनपुट-आउटपुट) बोर्डाशी संगणकाचे बोलणे झाले नाही, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ असतो. दोष तारेत आहे, वीजपुरवठ्यात आहे, ड्रायव्हरमध्ये आहे की खुद्द बोर्डात, हे त्यातून कळत नाही. मग पहिला संशय सर्वांत महागड्या वस्तूवर जातो, बोर्ड बदलला जातो आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी ही गत मी स्वतः अनुभवली आहे. गेले आठ महिने मी ज्या कन्व्हर्टरच्या मदतीने हे दोष शोधतो आहे, त्याचे परीक्षण येथे करत आहे. त्याच्या खोक्यावर निर्मात्याचे नाव नाही आणि याच घडणीचे कन्व्हर्टर अनेक नावांनी विकले जातात, त्यामुळे नावापेक्षा घडणीविषयी लिहिणे अधिक उपयोगाचे ठरेल.

हा कन्व्हर्टर लागतोच कशाला, ते आधी सांगायला हवे. २००४ साली आलेली तैतोची टाइप एक्स किंवा २००५ ची सेगाची लिंडबर्ग ही यंत्रे आतून बऱ्याच अंशी नेहमीचे संगणकच होती; पहिली विंडोज एक्सपी एम्बेडेडवर चालत असे, दुसरी लिनक्सवर. मात्र नियंत्रणे संगणकाला जोडण्यासाठी त्यांनी कीबोर्ड-माऊसचा मार्ग न घेता जेव्हीएस ही आर्केड उद्योगाची स्वतःची पद्धत वापरली. जेव्हीएसच्या तारेची टोके दिसायला हुबेहूब यूएसबीसारखी असतात, पण तिच्यातून यूएसबीचे संदेश जात नाहीत. जातात ते आरएस-४८५ या, तारांच्या एका जोडीवरून संदेश पाठवण्याच्या १९८३ सालच्या मानकानुसार, सेकंदाला १,१५,२०० बिट या वेगाने. यूएसबीत ज्या पिनवर पाच व्होल्टचा पुरवठा असतो, त्या पिनवर जेव्हीएसमध्ये ‘सेन्स’ नावाचा संकेत असतो. म्हणून ही तार संगणकाच्या यूएसबी खाचेत सरळ खुपसणे ही या विषयातली सर्वांत धोक्याची चूक आहे. प्लग अगदी चपखल बसतो, आणि म्हणूनच ती चूक होते. माझ्या कॅबिनेटमधला, म्हणजे आर्केड यंत्राच्या पेटीतला, मूळ संगणक निकामी झाला, आयओ बोर्ड मात्र शाबूत होता. तेव्हा साध्या संगणकावरून त्या बोर्डाशी बोलायचे, तर मधे दुभाषा हवाच होता.

दुभाष्याची घडण साधी आहे. आत एफटीडीआय या कंपनीची एफटी२३२आर ही, यूएसबी आणि सीरियल संदेश एकमेकांत बदलणारी चिप आहे, एका बाजूला यूएसबीची चौकोनी ‘बी’ प्रकारची खाच आहे आणि दुसऱ्या बाजूला ए, बी आणि ग्राउंड अशी स्क्रूने आवळायची तीन टर्मिनले आहेत. चौकोनी खाच मला मनापासून आवडली, कारण आर्केड कॅबिनेट सतत हादरते, खेळणारा जोशात आला की पॅनेलवर अक्षरशः थापा पडतात, आणि मायक्रो यूएसबीचा नाजूक प्लग अशा जागी काही आठवड्यांत सैल होतो. आतल्या पट्टीवर १२० ओहमच्या टर्मिनेशनसाठी, म्हणजे तारेच्या टोकाशी रोध जोडण्यासाठी, एक जंपर (काढता-घालता येणारी छोटी जोडणी) आहे. पारदर्शक झाकणाखाली दोन दिवे आहेत : संगणकाकडून संदेश निघाला की लाल लुकलुकतो, तारेवरून संदेश आत आला की हिरवा. या वस्तूची सगळी किंमत माझ्या लेखी या दोन दिव्यांत आहे. ‘आयओ एरर’ ही अक्षरे जे सांगत नाहीत, ते दिवे सांगतात : बोलणे नेमके कुठे तुटले.

एकही दिवा लागत नसेल तर तारेला, बोर्डाला किंवा वीजपुरवठ्याला हात लावण्याचे कारणच नाही, कारण संदेश अजून संगणकाच्या बाहेरच पडलेला नसतो. माझ्याकडे पहिल्याच दिवशी नेमके हेच झाले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कन्व्हर्टर व्यवस्थित दिसत होता, पिवळे चिन्ह नव्हते, ड्रायव्हर बसलेला होता, तरी आयओ बोर्डाशी बोलणारा जुना प्रोग्रॅम पोर्ट उघडत नव्हता. कारण क्रमांकात होते. पूर्वी जोडलेल्या आणि कधीच काढून टाकलेल्या उपकरणांनी खालचे क्रमांक अडवून ठेवल्यामुळे विंडोजने कन्व्हर्टरच्या सीरियल पोर्टला ‘कॉम ११’ हा क्रमांक दिला होता, आणि ‘कॉम ९’च्या पुढचे पोर्ट विंडोजमध्ये वेगळ्या पद्धतीने नाव देऊन उघडावे लागतात, जे अनेक जुन्या प्रोग्रॅमना जमत नाही. पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये जाऊन क्रमांक ‘कॉम २’ केला. तिथे त्या क्रमांकापुढे ‘वापरात’ अशी नोंद दिसत होती, पण लपवलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडून जुन्या नोंदी पुसल्यावर अडसर उरला नाही. पुढच्याच क्षणी लाल दिवा लुकलुकू लागला. या चिपमध्ये अनुक्रमांक साठवलेला असतो, त्यामुळे कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला तरी कॉम क्रमांक तोच राहतो. ज्या स्वस्त चिपमध्ये अनुक्रमांक नसतो, तिथे विंडोज प्रत्येक खाचेसाठी नवा क्रमांक काढते, आणि साफसफाईनंतर प्लग शेजारच्या खाचेत गेला एवढ्यावरून यंत्र बंद पडते.

विकत घेताना चिप अस्सल असल्याची खात्री मात्र करून घ्यावी. एफटीडीआयच्या नकली चिप बाजारात भरपूर आहेत, आणि २०१४ साली कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरच्या एका आवृत्तीने अशा चिपचा ओळखक्रमांक शून्य करून टाकल्यामुळे अनेकांची चालू उपकरणे अचानक दिसेनाशी झाली होती. वर्षानुवर्षे एका जागी उभ्या राहणाऱ्या यंत्रात असली टांगती तलवार नको.

दिवे न लागण्याचा आणखी एक प्रकार आहे, तो फसवा आहे. यंत्र सकाळी नीट चालते, दोन-तीन तास कोणी खेळत नाही, आणि नंतर पहिल्या बटणाला प्रतिसादच मिळत नाही. विंडोज वीज वाचवण्यासाठी रिकामे बसलेले यूएसबी उपकरण झोपवते, आणि जुने प्रोग्रॅम त्या झोपेतून उठलेला पोर्ट पुन्हा उघडत नाहीत. पॉवर प्लॅनमधला सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून आणि यूएसबी हबच्या गुणधर्मांत उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घेऊन हा प्रश्न कायमचा सुटतो. आर्केड यंत्रावर हे काम पहिल्याच दिवशी करून टाकावे.

लाल दिवा लागतो पण हिरवा लागत नाही, या अवस्थेत मी सर्वांत जास्त दिवस घालवले. संगणक विचारतो आहे आणि उत्तर येत नाही, असा याचा अर्थ. पहिली शंका ए आणि बी या तारांची घ्यावी, कारण या दोन अक्षरांबाबत मानक एक सांगते आणि चिप बनवणारे बहुतेक जण नेमके उलटे लिहितात. तारा उलट जोडल्याने काही जळत नाही. त्यामुळे पुस्तकात डोके घालण्यापेक्षा दोन्ही तारा अदलाबदल करून पाहणे हाच जवळचा मार्ग आहे. दुसरी शंका ग्राउंडची. दोन तारांवर काम भागते असा समज पसरलेला आहे आणि पुष्कळदा ते भागतेही, पण संगणकाचा पुरवठा वेगळा आणि कॅबिनेटचा वेगळा असेल तर दोन्हींच्या शून्याची पातळी एकच असेल याची हमी कोण देणार? आरएस-४८५ उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतचा फरक सोसते, पण तिसरी तार जोडायला लागतात दोन मिनिटे. या कन्व्हर्टरवर ग्राउंडचे टर्मिनल आहे, म्हणून ती जोडता येते. केवळ ए आणि बी असलेले कन्व्हर्टर मी आता घेत नाही.

या दोन्ही गोष्टी करूनही माझ्या यंत्रातला दोष गेला नव्हता, आणि तो पकडण्याची हकिगत तपशिलात सांगण्याजोगी आहे. खेळ सुरळीत सुरू व्हायचा, दहा-पंधरा मिनिटे चालायचा आणि मग एकाएकी नियंत्रणे मरायची. झाकणातून पाहिले तर लाल दिवा आपला लुकलुकतोच आहे, हिरवा मात्र विझलेला. यंत्र बंद करून चालू केले की पुन्हा सगळे ठीक. बोर्डाला पाच व्होल्ट नीट मिळत आहेत का, हे मी मल्टीमीटरने तपासले होते : काळी प्रोब पॉवर सप्लायच्या ग्राउंडवर आणि लाल प्रोब बोर्डाच्या पाच व्होल्टच्या पिनवर. आकडा आला ५.०१. मी समाधानाने झाकण लावले आणि पुढचा आठवडा तारा बदलण्यात घालवला. नंतर एकदा हात अवघडला म्हणून काळी प्रोब सहज बोर्डाच्याच ग्राउंड पिनवर टेकवली, तर आकडा ४.६१! बटणांखालचे सगळे दिवे एकदम लागले की तो आणखी खाली सरकत होता. पुरवठ्याची लाल तार उत्तम होती. दोष काळ्या तारेत होता. कनेक्टर सोडवून पाहिला तेव्हा काळ्या तारेची पिन तपकिरी पडलेली होती आणि तिच्याभोवतीचे पांढरे प्लास्टिक उष्णतेने पिवळे होऊन किंचित आक्रसले होते. पिनचा क्रिंप, म्हणजे तारेवर दाबून बसवलेली तिची पकड, सैल झाल्याने तिथे रोध वाढला होता, बोर्डाचे शून्यच वर सरकले होते, आणि बोर्डाला मिळणारा खरा दाब पाच व्होल्टसाठी सामान्यतः मानली जाणारी ४.७५ ही खालची मर्यादा ओलांडून गेला होता. पिन कापून नवी क्रिंप केली. बोर्डावरचा दाब दिवे चालू असतानाही ४.९७ राहू लागला, आणि त्या दिवसापासून तो दोष पुन्हा दिसलेला नाही.

खेळ मधेच का मरायचा, याचे उत्तर जेव्हीएसच्या रीतीत आहे. सुरुवातीला संगणक सर्व बोर्डांना रिसेटचा आदेश देतो आणि मग प्रत्येकाला एक पत्ता नेमून देतो. त्यानंतर बोर्ड त्या पत्त्यावर आलेल्या प्रश्नांनाच उत्तर देतो. दाब खाली गेल्यामुळे बोर्ड क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा, आपला पत्ता विसरायचा, आणि संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहायचा. बोर्ड जिवंत, तार शाबूत, संगणक ठीक, आणि तरी संवाद शून्य. हे समजल्यावर माझा बोर्डाकडे पाहण्याचा दृष्टिकोनच बदलला. ‘खेळ चालू असताना थांबतो आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ठीक होतो’ हे लक्षण दिसले की मी आता आधी वीजपुरवठा मोजतो, तोही बोर्डाच्या पिनांवर, दोन्ही प्रोब तिथेच टेकवून आणि सर्व दिवे चालू ठेवून.

हे पत्ते देण्याचे बोलणे सीरियल पोर्टवरची बाइट दाखवणाऱ्या कोणत्याही साध्या प्रोग्रॅममध्ये डोळ्यांनी पाहता येते, आणि ते एकदा तरी पाहावेच. संगणक सोळाच्या पायावरील आकड्यांत ‘ई०, एफएफ, ०३, एफ१, ०१, एफ४’ असा संदेश पाठवतो : ई० ही सुरुवातीची खूण, एफएफ म्हणजे सर्वांसाठी, ०३ म्हणजे पुढे तीन बाइट आहेत, एफ१ म्हणजे पत्ता घे, ०१ हा तो पत्ता, आणि शेवटचा एफ४ म्हणजे सुरुवातीची खूण सोडून बाकीच्यांच्या बेरजेचा शेवटचा बाइट. बोर्ड ठीक असेल तर ‘ई०, ००, ०३, ०१, ०१, ०५’ असे उत्तर येते. हे सहा आकडे स्वच्छ आले की तारा, वीज, बोर्ड आणि कन्व्हर्टर हे चौघेही निदान त्या क्षणी ठीक आहेत असे मानता येते, आणि तरीही खेळ सुरूच होत नसेल तर उरलेला शोध फक्त प्रोग्रॅमच्या सेटिंग्जपुरता राहतो.

माझ्याकडे सुरुवातीला ते स्वच्छ येत नव्हते. उत्तराच्या आधी एखाददुसरा भरकटलेला बाइट दिसायचा. इथे टर्मिनेशनचा जंपर आड आला. लांबच लांब तारांसाठी दोन्ही टोकांना १२० ओहम हवेच, पण माझी तार जेमतेम दीड मीटर आहे. कोणीही बोलत नसताना हे रोध दोन्ही तारांना जवळजवळ एकाच पातळीवर ओढतात. रिसीव्हरला स्पष्ट उत्तरासाठी २०० मिलिव्होल्टचा फरक हवा असतो, तो मिळत नाही, आणि शांततेतही त्याला काहीतरी ऐकू येते. जंपर काढला आणि कचरा थांबला. कन्व्हर्टरसोबत आलेल्या पत्रकात जंपर नेहमी लावून ठेवावा असे सरसकट लिहिले आहे. आर्केडच्या आखूड तारांना ती सूचना लागू पडत नाही.

दोन्ही दिवे लागतात, बाइट स्वच्छ आहेत, तरी बटणे उशिरा लागतात किंवा प्रोग्रॅम अधूनमधून ‘उत्तर आले नाही’ म्हणतो, अशी तक्रार असेल तर लेटन्सी टायमर पाहावा. एफटीडीआयची चिप आलेले बाइट लगेच संगणकाच्या हवाली करत नाही. बफर (बाइट तात्पुरते साठवण्याची जागा) भरेपर्यंत, किंवा ठरलेली वेळ संपेपर्यंत ती थांबते, आणि ही वेळ मुळात १६ मिलिसेकंद असते. बोर्डाचे उत्तर दहा-वीस बाइटचे, म्हणजे बफर भरण्याचा प्रश्नच येत नाही आणि प्रत्येक उत्तर पूर्ण वेळ अडकून राहते. सेकंदाला साठ चित्रे दाखवणाऱ्या खेळात एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला जवळजवळ एक चित्र उशीर होतो. पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये हा आकडा १ केला की फरक बोटांना जाणवतो. मारामारीच्या खेळात तर तो कोणालाही सांगावा लागत नाही. सोबतच्या पत्रकात याचा उल्लेखही नाही, आणि या कन्व्हर्टरविषयी माझी पहिली मोठी तक्रार हीच आहे.

दुसरी तक्रार सेन्सच्या संकेताविषयी आहे. जेव्हीएसमध्ये बोर्ड जोडलेलाच नसेल तर सेन्सवर पाच व्होल्ट, जोडलेला पण पत्ता न मिळालेला असेल तर सुमारे अडीच, आणि पत्ता मिळाला की शून्य असा क्रम असतो. या कन्व्हर्टरवर सेन्ससाठी टर्मिनलच नाही. एकच आयओ बोर्ड असेल तर काही बिघडत नाही. त्याला थेट पहिला पत्ता द्यायचा आणि मोकळे व्हायचे. दोन किंवा अधिक बोर्ड साखळीने जोडले असतील तर ते आपापसात सेन्स पाहून कोणी आधी पत्ता घ्यायचा हे ठरवतात, तेही ठीक. पण शेवटच्या बोर्डाला पत्ता मिळाला की नाही हे संगणकाला कळायला मार्ग राहत नाही, आणि उत्तर येणे थांबेपर्यंत पुढचा पुढचा पत्ता देत राहणारा प्रोग्रॅमच लागतो. आर्केडसाठी म्हणून जो हा कन्व्हर्टर विकेल, त्याने चौथे टर्मिनल द्यायलाच हवे.

बाकीच्या उणिवा लहान आहेत. टर्मिनलांवरची अक्षरे इतकी बारीक आहेत की कॅबिनेटच्या अंधारात टॉर्च लावूनही वाचताना डोळे ताणावे लागतात, आणि तार ओढली गेल्यास ताण सोसणारी पकड खोक्यावर नाही. मी अनेक पदरी तारांच्या टोकांना फेरूल (धातूच्या छोट्या नळ्या) लावले आणि तार कॅबिनेटच्या लाकडी आडव्या पट्टीला बांधून टाकली. त्यानंतर एकही टर्मिनल सुटलेले नाही. यात विद्युत विलगीकरण नाही, म्हणजे कॅबिनेटच्या बाजूला काही मोठा घोटाळा झाला तर त्याची झळ संगणकाच्या यूएसबीपर्यंत पोहोचू शकते. जुने, अनेकांनी हाताळलेले वायरिंग असलेल्या कॅबिनेटसाठी विलगीकरण असलेलाच प्रकार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांचा मूळ आर्केड संगणक चालू आहे आणि त्यावर स्वतःची जेव्हीएस खाच आहे, त्यांना रोजच्या वापरासाठी या कन्व्हर्टरची गरज नाही, पण दोष शोधताना तो उपयोगी पडतो. आरएस-४८५च्या एकाच जोडीवर अनेक उपकरणे लावता येतात, त्यामुळे चालू तारेच्या ए आणि बीला कन्व्हर्टर समांतर जोडून, शेजारच्या लॅपटॉपवर काहीही न पाठवता फक्त ऐकत बसता येते. अशा वेळी टर्मिनेशनचा जंपर काढलेला असावा आणि ग्राउंड जोडलेले असावे. ऐकणाऱ्याला विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही येणाऱ्याच बाजूला असल्याने हिरवा दिवा दोघांसाठी लागतो. कोण बोलले ते संदेशातील दुसऱ्या बाइटवरून ओळखावे, कारण संगणकाकडे जाणाऱ्या उत्तरात तिथे नेहमी ०० असते. प्रश्नामागून प्रश्न येत आहेत आणि ००चे एकही उत्तर नाही असे दिसले, तर मल्टीमीटर घेऊन बोर्डाच्या दोन पिनांपाशी जावे.